बत्ती कोणाच्या हातात?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

दरवर्षी 17 सप्टेंबरला आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. झेंडावंदन होते, शाळांतून भाषणे होतात, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते आणि पोलीस ॲक्शनची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली जाते. त्या गोष्टीत सगळी माणसेच असतात. निजाम, कासिम रझवी, सरदार पटेल, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा करणारे तरुण, गावोगावचे अनाम कार्यकर्ते. ते स्वाभाविकच आहे. पण त्या पाच दिवसांत एक लढणारा असाही होता, की ज्याला नाव नव्हते, डोळे नव्हते आणि कोणाविषयी रागही नव्हता. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे, कारण त्याची नातवंडे-पतवंडे आता जगातल्या रणांगणांवर उडू लागली आहेत.

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचे सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरले. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, आणि तेथेच अर्धी लढाई जिंकल्यासारखी झाली. त्याच दिवशी दुपारनंतर रणगाडे उमरग्यात पोचले. दुसऱ्या बाजूने जालन्याकडून निघालेल्या तुकड्या लातूर आणि मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत आल्या. प्रतिकार असा फारसा झालाच नाही. जेथे झाला तेथे तास-दोन तासांत मोडला. मात्र 16 तारखेला सकाळी जहीराबादच्या वाटेवर ही धावती फौज थबकली. कशामुळे? समोर कोणी शूर सेनापती उभा होता म्हणून नव्हे. रस्त्यात भूसुरुंग पेरलेले होते. ते शोधून बाजूला करीपर्यंत रणगाड्यांना थांबावे लागले.

लातूर-उदगीरकडून हैदराबादला जाणारा प्रवासी आजही जहीराबादवरून जातो. चहाला थांबतो, पुढे निघतो. तेथे 1948 साली काय पुरले होते हे कोणाला आठवायचे कारण नाही. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तो सुरुंगांचा पट्टा नेहमी अडवतो. बंदुकीला चाप ओढणारा लागतो, तोफेला बत्ती देणारा लागतो. सुरुंगाला मात्र पुरून झाल्यावर कोणीच लागत नाही. पुरणारा घरी निघून जातो, कधी मरून जातो, त्याचे राज्यही बुडते. सुरुंग आपला जागाच असतो. कोणाला मारायचे, केव्हा मारायचे हे तोच ठरवतो. त्याची अक्कल एवढीच, की वर वजन पडले की फुटायचे. मग वरून रणगाडा गेला काय आणि ज्वारीची पोती भरलेली बैलगाडी गेली काय, त्याला फरक पडत नाही. ज्यांना आज स्वायत्त शस्त्रे म्हणतात, त्या कुळाचा मूळपुरुष हाच.

'स्वायत्त' हा शब्द आपल्याकडे महाविद्यालयांना आणि जिल्हा परिषदांना लावतात, म्हणून थोडा खुलासा करतो. दूर बसलेला सैनिक पडद्यावर पाहून जे मानवरहित विमान चालवतो, ते स्वायत्त नव्हे. तेथे लांबून का होईना, माणूस असतो. एकदा सोडल्यावर लक्ष्य स्वतः शोधणारे, स्वतः ओळखणारे आणि माणसाला पुन्हा न विचारता त्यावर जाऊन आदळणारे, ते स्वायत्त. सुरुंग वजन ओळखतो, हे यंत्र आकार ओळखते, उष्णता ओळखते, हालचाल ओळखते. सुरुंगापेक्षा ते नक्कीच हुशार आहे. पण खांद्यावर कुदळ टाकून बांधावरून चाललेला शेतकरी आणि खांद्यावर बंदूक टाकलेला सैनिक यांची सावली उंचावरून किती वेगळी दिसत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. हात वर करून शरण येणारा माणूस, जखमी होऊन सरपटणारा माणूस आणि दबा धरून पुढे सरकणारा माणूस यांतला फरक तर अनुभवी शिपायालाही क्षणभर थांबूनच कळतो.

आता थोडे मागे जाऊ, आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला. 1760 च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा तेथे पराभव केला. त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींचा आणि तोफखान्याचा वाटा मोठा होता. गंमत अशी, की हा इब्राहिमखान आधी निजामाच्याच पदरी होता. फ्रेंच पद्धतीचे युद्धतंत्र तो तेथेच शिकला, तेथून निघाला आणि पेशव्यांकडे आला. म्हणजे निजामाच्या घरी तयार झालेली विद्या निजामावरच उलटली. आणि पुढच्याच वर्षी पानिपतावर उलटा प्रकार झाला. धर्माच्या नावाने अब्दालीकडून बोलावणे आले असता त्याने ते झिडकारले, भाऊंची साथ सोडली नाही, आणि पकडला गेल्यावर त्याची किंमत प्राणांनी मोजली, असे इतिहासकार सांगतात.

मुलांना शिकवताना मी विचारत असे, उदगीरला तोफ जिंकली की गोलंदाज जिंकला? मुले म्हणत, दोघे. बरोबर आहे. तोफ ओतीव लोखंडाची वा पंचरसी धातूची. ती इकडे वळवली तर इकडे उडते, तिकडे वळवली तर तिकडे. पण तिच्या कानाशी बत्ती घेऊन उभा असलेला माणूस नोकरी सोडू शकतो, फितूर होऊ शकतो, निष्ठेने मरू शकतो, ऐन वेळी हात आखडता घेऊ शकतो. राजांना याचीच धास्ती असे. पगार थकला की फौज धरणे धरून बसे, आणि मग हुंड्या काढून, सावकाराचे पाय धरून तिची समजूत काढावी लागे. मराठी कागदपत्रांत अशा रडकथा जागोजाग आहेत. आपण त्या वाचून हसतो. पण राज्यकर्त्याच्या युद्धाच्या हौसेला तेवढाच काय तो लगाम होता, असे मला वाटते. ज्याला पगार नको, ज्याचे घर नाही, जो कधी 'नाही' म्हणत नाही, असा शिपाई प्रत्येक सत्ताधीशाला हवाच होता. तो आता मिळू लागला आहे.

येथे कोणी मला थांबवील आणि म्हणेल, माणसाचे एवढे गोडवे कशाला गाता? माणसाने कोणती कमी कत्तल केली आहे? हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळायचा असेल तर मी नांदेड-लातुरात बसून या विषयावर बोलूच नये. रझाकारांनी येथे जे केले ते घराघरांत ठाऊक आहे. 1946 साली बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे मारले गेले, त्यांना मारणारे हात माणसांचेच होते. आणि पोलीस ॲक्शननंतर जे घडले ते आपण कमी बोलतो, पण तेही घडले. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना चौकशीसाठी पाठवले. 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले आणि शंभराहून अधिक गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. सर्वाधिक हानी झालेले जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावे दिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझवी वकिली करीत होता ते हे गाव. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालल्या, हजारावर माणसे मारली गेली, आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरले असे त्यांनी नोंदवले. बाकीचे परागंदा झाले होते. संपूर्ण संस्थानातल्या मृतांचा त्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा होता. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता, आकड्यांवर आजही वाद आहे, आणि कित्येक दशके तो प्रसिद्धच झाला नाही. 2013 च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो अभ्यासकांना पाहायला मिळू लागला.

म्हणजे हातात शस्त्र असलेला माणूस दयाळू असतोच, असे म्हणायची सोय आपल्याला इतिहासाने ठेवलेली नाही. पण याच अहवालात एक दुसरी नोंद आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी शेजारच्या मुसलमान कुटुंबांना जिवावर उदार होऊन वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना आडोसा दिल्याचा त्यात मुद्दाम उल्लेख आहे. एकाच मागावर पोट असलेली माणसे, धर्मापेक्षा धंद्याचे नाते त्या दिवसांत जास्त टिकले.

मी शिकवत होतो त्या काळात विद्यार्थ्यांना एक काम सांगत असे. दिवाळीच्या सुटीत घरी जा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, रझाकारीत आणि त्यानंतर तुम्ही काय पाहिले? मुले वह्या भरून आणत. त्यात तारखांचा घोळ असे, कोणते सैन्य कोठून आले याचा पत्ता नसे. पण एक गोष्ट प्रत्येक वहीत असे: कोणी तरी काही तरी केले नाही. एका आजीने सांगितले होते, ''बंदूक होती की त्याच्याकडं. पण पोराकडं बघितलं अन् खाली केली.'' कोणी वाड्याच्या बळदात माणसे लपवून वर कडबा रचला. कोणी हातात कुऱ्हाड घेऊन आला आणि ओळख पटल्यावर पाणी मागून परत गेला. कोणी लपलेल्यांची जागा माहीत असून बोलला नाही. हे सगळे 'न केलेले' जमेला धरले तर माणसे वाचली ती कशी, ते कळते. आणि ज्यांनी केले त्यांचीही नावे लोकांना ठाऊक होती. साठ वर्षांनीसुद्धा आवाज खाली करून ती सांगितली जात. सुंदरलाल समितीला गावोगाव विचारता आले ते यामुळेच. कोणी मारले, कोणी सोडले, कोणी सांगितले म्हणून मारले, हे प्रश्न विचारायला समोर माणूस होता.

सुरुंगाला हे विचारता येत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि आता तो आजच्या काळात आणतो.

27 फेब्रुवारी 2019 ला, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरमध्ये बडगामजवळ आपल्या हवाई दलाचे एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. पुढे उघड झाले, की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले होते. ऑक्टोबर 2019 मध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. चौकशी झाली, अधिकाऱ्यांवर ठपका आला, लष्करी न्यायालय बसले. मार्च 2022 मध्ये आपले एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडले, तेव्हाही सुदैवाने कोणी दगावले नाही आणि त्याच वर्षी तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. दोन्ही घटना क्लेशकारक आहेत. परंतु दोन्हींत शेवटी कोणाला तरी उभे करून 'तू काय पाहिलेस, तू काय ठरवलेस' असे विचारता आले.

याच्या शेजारी लिबियाची घटना ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने 2021 साली दिलेल्या अहवालात असे म्हटले, की 2020 च्या मार्चमध्ये माघार घेणाऱ्या सैनिकांच्या मागावर तुर्की बनावटीची कारगू-2 नावाची ड्रोन आणि तशीच इतर यंत्रे सोडण्यात आली होती, आणि चालकाशी संपर्क नसतानाही हल्ला करता यावा अशी त्यांची रचना होती. कोणी त्यांत मेले का, हे अहवाल सांगत नाही. यंत्राने खरोखर स्वतःच निर्णय घेतला का, यावरही एकमत नाही. बनवणाऱ्या कंपनीने ते नाकारले. जाणकार वर्षानुवर्षे वाद घालीत आहेत. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या लातूरविषयी आपल्याला जेवढे सांगता येते, तेवढे या कालपरवाच्या घटनेविषयी सांगता येत नाही.

मग माणसाला बाजूला का सारतात? त्यामागे कोणी राक्षस बसलेला आहे असे समजायचे कारण नाही. कारण अगदी साधे, तांत्रिक आहे, आणि रेडिओवरून बोलताना ते सांगायला बरे. माणूस दूरच्या ड्रोनशी बोलतो तो रेडिओलहरींनी. या लहरींना अंतराची मर्यादा असते, डोंगर आडवा येतो, आणि शत्रू त्यांत मुद्दाम खरखर मिसळू शकतो. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी हेच केले. लहरी तुटल्या की ड्रोन आंधळे होते. मग अभियंता म्हणतो, शेवटच्या टप्प्यात त्याला स्वतःलाच पाहू द्या. सेनापतीला ते पटते. एकेक पाऊल असेच पडते आणि प्रत्येक पाऊल त्या त्या वेळी शहाणपणाचेच वाटते.

लांब कशाला, नागपूरचेच उदाहरण घ्या. तेथे इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज लिमिटेड या कंपनीने नागास्त्र-1 नावाचे घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारे शस्त्र तयार केले. मागणी 480 ची होती. पहिली 120 जून 2024 मध्ये लष्कराला मिळाली. पाठीवर वाहून नेता येईल एवढे ते लहान आहे. त्या वेळी बातम्यांत त्याचे दोन पल्ले छापून आले होते. माणसाच्या नियंत्रणात 15 किलोमीटर आणि स्वयंचलित पद्धतीने 30 किलोमीटर. 'स्वयंचलित' शब्दाने लगेच दचकू नका. ठरवून दिलेल्या जागेकडे स्वतः उडत जाणे वेगळे आणि कोणाला मारायचे हे स्वतः ठरवणे वेगळे. पण माणूस बाजूला झाला की पल्ला दुप्पट होतो, हा हिशेब कोणत्याही सेनापतीला मोह पाडणारा आहे. नागास्त्राची दुसरी एक सोय मला मनापासून आवडली. लक्ष्य सापडले नाही किंवा विचार बदलला तर ते परत बोलावता येते आणि पॅराशूटने उतरवता येते. त्या आजीच्या गोष्टीतल्या माणसाने बंदूक खाली केली होती, त्यासाठी या यंत्रात जागा ठेवलेली आहे. ती जागा पुढच्या यंत्रांत राहील की नाही, हे मात्र बनवणारे ठरवणार आणि विकत घेणारे सरकार ठरवणार.

आपल्या सैन्याला असली शस्त्रे नकोत, असे मी म्हणणार नाही. मे 2025 च्या संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोनांचे थवे उडाले, ते आपण टीव्हीवर पाहिले. मराठवाड्यातल्या किती तरी घरांतली मुले सीमेवर आहेत. पोरगा खंदकात जाण्याऐवजी यंत्र पुढे जाणार असेल तर कोणती आई नको म्हणेल? हा युक्तिवाद भक्कम आहे. पण तोच युक्तिवाद सुरुंगांच्या बाजूनेही होता. संसदेवरील हल्ल्यानंतर, 2001 च्या डिसेंबरपासून, पश्चिम सीमेवर मैलोगणती सुरुंग पेरले गेले, ते आपले सैनिक वाचावेत म्हणूनच. ते पेरताना आणि काढताना आपलेच जवान दगावले, शेतकऱ्यांची शेते पडीक राहिली, गुरे गेली, माणसांचे पाय गेले. सुरुंगबंदीचा ओटावा करार 1997 सालचा. भारताने त्यावर सही केलेली नाही.

स्वायत्त शस्त्रांवर जिनिव्हात चर्चा सुरू झाली तेव्हा 2017 आणि 2018 मध्ये सरकारी तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद आपले राजदूत अमनदीपसिंग गिल यांच्याकडे होते. 2019 साली त्या मंचावर अकरा तत्त्वे मान्य झाली. शस्त्र वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहिली पाहिजे, ती यंत्रावर ढकलता येणार नाही, हे त्यांतले एक. तत्त्व उत्तम आहे. मात्र ते बंधनकारक नाही. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या विषयावर ठराव आला, 152 देशांनी बाजूने मत दिले आणि चौघांनी विरोधात; त्या चौघांत भारत होता. हा विषय जिनिव्हाच्या मंचावरच राहावा, असे आपले म्हणणे. त्या मंचावर प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने लागतो, म्हणजे एका देशाने मान हलवली नाही तरी गाडी थांबते. शेजारी काय बनवतो आहे ते पाहून सरकार सावध राहते, हे मला समजते. तरीही ते मत मला पटले नाही. सही करायची नसेल तर करू नका, पण आपण बनवतो त्या प्रत्येक यंत्राबाबत एवढे तरी लिहून ठेवा: ते सोडणारा अधिकारी कोण, परत बोलावण्याची कळ कोणाच्या हातात, आणि शेवटच्या क्षणी त्या पडद्याकडे पाहत कोण बसले होते. सैन्यात साध्या काडतुसांचाही हिशेब वहीत असतो. त्याच वहीत आणखी एक रकाना वाढवायचा आहे.

जिनिव्हाच्या तज्ज्ञगटाला काम आटोपायला 2026 ची मुदत घालून देण्यात आली.